पाण्याची वहिवाट

शेताकडे जाणारी गाडीवाट शेजाऱ्याने नांगरून टाकली तर आपल्याकडील शेतकरी स्वस्थ बसत नाही. तो तहसिलीत अर्ज करतो, पंचनामा करवितो, वकील देतो, आणि पूर्वापार चालत आलेली वहिवाट मोकळी होईपर्यंत सख्ख्या भावाशीही बोलत नाही. माणसाच्या व बैलाच्या वाटेविषयी ज्या समाजाची स्मरणशक्ती इतकी तीक्ष्ण, त्याच समाजास पाण्याची वाट मात्र चार कोरडी वर्षे गेली की आठवेनाशी होते. ओढ्याच्या काठावर प्रथम चुन्याच्या रेघा पडतात, रेघांचे प्लॉट होतात, प्लॉटांची घरे होतात. आणि पाचव्या वर्षी पाऊस आपली जुनी वाट विचारीत आला म्हणजे आपण त्यास 'आपत्ती' असे नाव देऊन मोकळे होतो. आमचे म्हणणे थोडक्यात सांगावयाचे तर असे की, पावसाच्या पाण्याची वाट ही कोणत्याही गावातील सर्वांत जुनी वहिवाट होय. ती सातबाऱ्याहून जुनी आहे आणि गावठाणाहूनही जुनी आहे. म्हणून नगररचनेचा पहिला नकाशा रस्त्यांचा नसून पाण्याचा असला पाहिजे. भोकरसारख्या वाढत्या गावाने हा नकाशा वेळेवर केला तर ते काम थोडक्या खर्चात होईल. घरे उभी राहिल्यावर तेच काम दसपट खर्चूनही धड होणार नाही.

हे तत्त्व आमच्या पदरचे नव्हे. कायद्याने ते फार पूर्वीच मान्य केलेले आहे. १८८२ सालच्या सुविधाधिकारांच्या कायद्यात असे स्पष्ट सांगितले आहे की, वरच्या जमिनीवर पडलेले व आपोआप वाहणारे पाणी खालच्या जमिनीकडे नैसर्गिक रीतीने जाऊ द्यावे, हा वरच्या मालकाचा हक्क होय. पुढे १९०६ साली मामलेदार कोर्टांचा कायदा झाला. शेतजमिनीवर पडणाऱ्या वा उगम पावणाऱ्या पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहास कोणी बेकायदा अडथळा केला असेल, तर तो दूर करविण्याचा अधिकार त्या कायद्याने मामलेदारास दिला आहे. फिर्याद मात्र सहा महिन्यांच्या आत झाली पाहिजे. आजही तहसीलदार हा अधिकार चालवितात. तेव्हा शेतात बांध घालून पाणी अडविणाऱ्यास जाब विचारणारा कायदा शंभराहून अधिक वर्षे आपल्या हाती आहे. असे असता तेच पाणी वेशीच्या आत आले, म्हणजे त्याचे कोणीच वाली राहत नाही, हा कोठला न्याय? शेताचा बांध फोडावयास लावणारा अधिकारी आणि ओढ्यावरचा ले-आऊट मंजूर करणारा अधिकारी पुष्कळदा एकाच आवारात बसतात, पण त्यांच्या दप्तरांची एकमेकांशी ओळख नसते.

आता गाव वाढल्याने पाण्याचे काय होते, याचा हिशेब आमच्या व्यापारी वाचकांनी एकदा स्वतः करून पाहावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरावर एक लिटर पाणी. आपल्या महसूल खात्याच्या हिशेबी एका दिवसात ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला म्हणजे ती अतिवृष्टी. तेवढ्या पावसात एका हेक्टरावर साडेसहा लाख लिटर पाणी पडते. ते पडणे कोणाच्या हातचे नाही. पण पडल्यावर त्याने काय करावे हे बऱ्याच अंशी आपल्या हातचे आहे. दहा हेक्टर उघड्या शेतावर ताशी ५० मिलिमीटर वेगाने पाऊस कोसळत असेल, आणि त्यातील तीस टक्के पाणी वाहून जाते असे धरले, तर ओढ्याकडे सेकंदाला सुमारे चारशे लिटर पाणी येते. त्याच दहा हेक्टरांवर घरे, फरशा व सिमेंटचे रस्ते झाले, आणि ऐंशी टक्के पाणी वाहू लागले, म्हणजे तोच आकडा अकराशे लिटरांवर जातो. ढग तोच, पाऊस तोच, जमीनही तीच. पाणी मात्र पावणेतीन पट. शिवाय ते पूर्वीसारखे रमतगमत न येता एकदम येते. ओढा मात्र पूर्वीपेक्षा अरुंद झालेला असतो. मिळकत अर्धी व देणे तिप्पट अशी ज्या दुकानाची वही झाली, त्याचे दिवाळे केव्हा वाजणार हे सांगण्यास ज्योतिषी नको.

आपल्याकडील काळ्या जमिनीचा स्वभावही येथे लक्षात घेतला पाहिजे. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि मृगाचे पहिले पाणी अधाशासारखे पिते, म्हणून जून महिन्यात सर्व काही ठीक वाटते. पण पाणी पिऊन ती फुगली व भेगा मिटल्या म्हणजे पुढचे पाणी आत शिरू देत नाही. श्रावण-भाद्रपदात आलेला मोठा पाऊस म्हणूनच अधिक घातक ठरतो. २०२५ सालच्या ऑगस्टात आपल्याच जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात एका रात्रीच्या पावसाने गावे पाण्याखाली गेली, माणसे दगावली आणि सैन्यास पाचारण करावे लागले. त्यानंतरच्या सप्टेंबरात सारा मराठवाडा पुराने हवालदिल झाला. त्या संकटात नद्या व धरणे यांचा भाग मोठा होता, हे आम्ही जाणतो. पण ज्या मराठवाड्याची ओळख दुष्काळ व टँकर या दोन शब्दांत सांगितली जात होती, त्यास अतिवृष्टीचाही विचार आता करावा लागेल, एवढी गोष्ट तरी त्या वर्षाने निर्विवाद सिद्ध केली.

भोकर हे तालुक्याचे ठिकाण आहे. परभणी-नांदेडवरून निर्मळकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथून जातो, आणि मुदखेड-आदिलाबाद रेल्वेही येथूनच जाते. दळणवळणाच्या दृष्टीने हे भाग्यच होय. व्यापार त्यावर चालतो. परंतु महामार्गाचा भराव व रेल्वेचा भराव हे पाण्याच्या दृष्टीने बांध असतात. पलीकडचे पाणी अलीकडे येण्यास त्यांच्याखालील मोऱ्या एवढाच मार्ग उरतो. मोरी बांधताना वरच्या अंगास शेते होती. पुढे तेथे वसाहत झाली. मोरी मात्र तेवढीच राहिली. ज्या गावास दोन भराव आहेत, त्याने आपल्या प्रत्येक मोरीची लांबी-रुंदी व तिच्याकडे येणारे पाणी यांची यादी तोंडपाठ ठेवावयास हवी. आमच्या वाचकांपैकी किती जणांस आपल्या भागातील पाणी कोणत्या मोरीतून बाहेर पडते हे सांगता येईल, याचा त्यांनी स्वतःशीच विचार करावा.

यातील सारा दोष सरकारच्या माथी मारून आपण हात झटकावे, असे मात्र आम्हांस वाटत नाही. दुकानापुढील गटारावर ढापा टाकून त्यावर पायऱ्या चढविणारा सरकारी नोकर नसतो, तो आपल्यातलाच असतो. ढाप्याखालचा गाळ वर्षानुवर्षे निघत नाही. कारण ढापा उचलावयाचा म्हणजे दुकानदाराशी भांडण. दुसरी गोष्ट रस्त्यांची. जुना रस्ता उकरून त्याच पातळीवर नवा करावयाचा, ही पद्धत जवळजवळ बंद पडली आहे. जुन्यावरच नवा थर चढतो. दर खेपेस रस्ता वीतभर उंच होतो आणि कडेची घरे वीतभर खोल जातात. मग जो पैसेवाला असतो तो आपले जोते उंच करतो, आणि त्याच्या ओट्यावरून उतरलेले पाणी शेजारच्या बुटक्या घरात जाते. शेजारीही पुढच्या वर्षी कर्ज काढून जोते उचलतो. अशी ही उंचीची शर्यत चालते, आणि ज्याच्याजवळ शर्यतीत धावण्यास पैसा नाही त्याच्या चुलीत पाणी शिरते. पाणी गावाबाहेर गेले नाही; ते फक्त श्रीमंताच्या दारातून गरिबाच्या दारात गेले. यास नगररचना म्हणावयाचे काय?

'खालची वस्ती' हा शब्द आपल्या भाषेत दोन अर्थांनी चालतो, आणि दोन्ही अर्थ बहुधा एकाच जागी सापडतात, ही आपल्या समाजाची शोचनीय गोष्ट आहे. ज्यांना वरच्या, कोरड्या, विहिरीजवळच्या जागा पिढ्यान् पिढ्या मिळू दिल्या नाहीत, ते ओढ्याकाठी, उताराच्या शेवटास, गावाचे सांडपाणी जेथे साचते तेथे राहिले. आज कोणी कोणास तेथे राहा म्हणून सांगत नाही. पण स्वस्त प्लॉट तेथेच मिळतो, आणि पोटासाठी गावात आलेला मजूर तो घेतो. म्हणून पावसाच्या पाण्याचा प्रश्न हा केवळ अभियंत्यांचा प्रश्न नव्हे. वरच्या माणसाच्या सोयीचा बोजा खालच्या माणसाने किती काळ वाहावा, असा तो न्यायाचा प्रश्न आहे. २००१ साली राज्यात गुंठेवारीचा कायदा झाला, आणि २०२१ सालच्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी बांधकामे नियमित करण्याची सोय झाली. गरिबाच्या डोक्यावरील छप्पर कायम झाले, हे चांगलेच झाले. पण कागद नियमित झाल्याने पाणी नियमित होत नाही. जी घरे प्रवाहाच्या मार्गात आहेत त्यांस केवळ पावती देऊन सोडणे, ही दया नव्हे.

मोठ्या शहरांनी हा धडा किती महाग किमतीस घेतला, ते पाहू. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने, तीही समुद्रास ओहोटी असताना, अशी आखलेली होती. ती वाढवून ताशी ५० मिलिमीटरांची करावी, अशी योजना १९९३ साली तयार झाली. पण पुढील बारा वर्षे ती बहुतांशी कागदावरच राहिली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्यास जेमतेम ७५ मिलिमीटर झाला होता. एवढा पाऊस कोणत्याही गटारात मावला नसता, हे खरे. पण मिठी नदीचे पात्र भराव घालून, वस्त्या व कारखाने बसवून आवळून ठेवले नसते तर ते पाणी इतके चढले नसते, हेही तितकेच खरे. नंतर जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तोवर राज्यात हजाराच्या घरात माणसे गेली होती. आधीची योजना कपाटात आणि नंतरची समिती दिवाणखान्यात, असा हा क्रम होता.

पुण्याची गोष्ट निराळी वाटेल, पण मूळ तेच आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणारा आंबिल ओढा वसाहतींत घुसला, आणि त्या रात्रीच्या पावसाने शहर व परिसरात वीसाहून अधिक माणसे दगावली. लक्षात घ्या, हे मुठा नदीच्या पुराने झाले नाही. वर्षातील दहा महिने ज्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही अशा एका ओढ्याने केले. नागपुरास २३ सप्टेंबर २०२३ रोजी पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव सांडव्यावरून ओसंडला, आणि नाग नदीच्या काठचे हजारो संसार चिखलात गेले. सांडव्यापुढील प्रवाहमार्गातील बांधकामांचा वाद मग उच्च न्यायालयात गेला. मुंबईत नदी, पुण्यात ओढा, नागपुरात तलावाचा सांडवा. तिन्ही ठिकाणी पाण्याने नवी वाट काढली नाही. आपली जुनीच वाट धरली, आणि त्या वाटेवर कोण येऊन बसले आहे हे पाहण्याची तसदी घेतली नाही.

कोणी म्हणेल, ही लक्षावधी वस्तीची शहरे; भोकरास त्यांच्याशी काय कर्तव्य? तर ज्या हैदराबाद संस्थानात भोकर १९४८ पर्यंत होते, त्या संस्थानच्या राजधानीचेच उदाहरण घेऊ. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हैदराबादेत जो प्रलय मांडला त्यात हजारो माणसे मेली. दुसऱ्या वर्षी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस बोलाविले. हे पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या नोकरीत नाव मिळविलेले अभियंते. त्यांनी केवळ शहरात भिंती बांधा असे सांगितले नाही. नदी ज्या मुलखातून पाणी गोळा करते तो सर्व मुलूख त्यांनी हिशेबात घेतला. वर शेकडो तलाव होते, ते एकामागून एक फुटत गेल्याने पुराचे रूप भयंकर झाले, हे त्यांनी दाखविले. आणि शहराच्या वरच्या अंगास पाणी थोपविणारे जलाशय सुचविले. त्यातून उस्मानसागर १९२० साली व हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला. १९१२ साली शहर सुधारणेसाठी स्वतंत्र मंडळही स्थापन झाले. तात्पर्य, पाण्याचा विचार गावाच्या वेशीपासून नव्हे तर पाणलोटाच्या माथ्यापासून करावा, हा धडा आमच्याच जुन्या राजधानीने शंभर वर्षांपूर्वी घेतला होता. पुढे तेथेही तळी बुजली, नाल्यांवर इमारती चढल्या, आणि १३ ऑक्टोबर २०२० च्या पावसात त्याच शहराच्या वसाहती पुन्हा बुडाल्या. शेवटी तळी व नाले अतिक्रमणांतून सोडविण्यासाठी २०२४ साली तेथे निराळी यंत्रणा उभारावी लागली. म्हणजे एकदा शिकलेला धडाही दप्तरात नीट नोंदला नाही तर विसरला जातो.

आता कायद्याकडे वळू. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचे बावीसावे कलम विकास योजनेत काय काय असावे हे सांगते. त्यात पूरनियंत्रणाच्या तरतुदी असाव्यात असे म्हटले आहे. आणि त्याच कलमात, थोडे पुढे, सखल व पाणथळ जागा भरून काढणे किंवा सपाट करणे, हेही योजनेचे एक अंग म्हणून दिले आहे. एका हाताने पूर आवरावयाचा आणि दुसऱ्या हाताने पुराचे पाणी जेथे विसावते ती जागा बुजवावयाची, असे हे कलम वाचणारास वाटेल. वस्तुतः कायद्याने दोन्ही हत्यारे नगरपालिकेच्या हाती देऊन विवेक तिच्यावर सोपविला आहे. गेल्या साठ वर्षांत आपण दुसरे हत्यार पुष्कळ वापरले. पहिल्यास गंज चढला. पाणथळ जागा म्हणजे रोगट व फुकट गेलेली जागा, ही समजूत जुनी आहे. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१४ नंतर हिंदुस्थानातील गावोगाव हिंडले व पुढे मुंबई विद्यापीठात प्राध्यापकही झाले. तळी बुजवू नका, ती स्वच्छ ठेवा, असे ते त्या काळी सांगत असत. त्यांचे ऐकले असते तर आज 'भूजल वाढवा' म्हणून फलक लावण्याची पाळी आली नसती.

नाल्याच्या मालकीविषयी तर संशयास जागाच नाही. १९६६ च्याच जमीन महसूल संहितेच्या विसाव्या कलमाप्रमाणे नद्या, नाले, ओढे व तळी यांची पात्रे ही, दुसऱ्या कोणाचा हक्क सिद्ध होत नसेल तर, शासनाची मालमत्ता आहे. तेव्हा ओढ्याच्या पात्रात पाडलेला प्लॉट विकणारा, आपल्या मालकीची नसलेली वस्तू विकतो. आणि घेणारा, पावसाळ्यात परत जाणारी वस्तू घेतो. नद्यांसाठी पाटबंधारे खाते निळी व तांबडी अशा दोन पूररेषा आखते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा. तिच्या आत बांधकाम निषिद्ध. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची तांबडी रेषा. दोहोंच्या मध्ये नियंत्रित वापर. पण या रेषा बहुधा मोठ्या नद्यांसच मिळतात. गावातील निनावी ओढ्यास ना निळी रेषा, ना तांबडी. आणि माणसे बहुधा त्याच्याच काठी राहतात.

संविधानाच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांना अठरा विषयांची यादी मिळाली. तिच्या अग्रभागी नगररचना आहे. पण त्या यादीत पावसाच्या पाण्याचा स्वतंत्र उल्लेख नाही. व्यवहारात याचा परिणाम असा होतो की, पाणीपुरवठ्याचा एक विभाग, स्वच्छतेचा दुसरा, रस्त्यांचा तिसरा, आणि पावसाचे पाणी तिघांचे मिळून कोणाचेच नाही. स्वातंत्र्यासाठी मराठवाड्याने जो झगडा केला, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी जे पदरात पाडून घेतले, त्याचा अर्थ केवळ झेंडा बदलणे एवढाच नव्हता. नगरपालिकेस आपण स्थानिक स्वराज्य संस्था म्हणतो. आपल्या गावात पडलेला पाऊस कोठून येतो व कोठे जातो याचा नकाशा ज्या संस्थेच्या दप्तरात नाही, तिच्या स्वराज्यात 'स्व' किती व 'राज्य' किती, हे नगरसेवकांनीच सांगावे.

यावर ठरलेले उत्तर येते की, पैसे नाहीत. या उत्तराचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच लावला आहे. मध्य प्रदेशातील रतलाम हे काही मुंबई नव्हे. तेथील एका वस्तीच्या लोकांनी उघडी गटारे व तुंबलेली घाण यांविरुद्ध न्यायदंडाधिकाऱ्याकडे दाद मागितली. न्यायदंडाधिकाऱ्याने गटारे बांधण्याचा हुकूम दिला, तेव्हा नगरपालिका पैशाच्या अडचणीची सबब घेऊन वरपर्यंत गेली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाचे सार असे की, कायद्याने घातलेले कर्तव्य टाळण्यास तिजोरी रिकामी आहे ही सबब चालणार नाही. ज्या फौजदारी कलमाखाली तो हुकूम झाला होता, त्याची जागा आता १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमाने घेतली आहे. हे हत्यार प्रत्येक नागरिकाच्या हाती आहे. कोर्टाची पायरी चढण्याची वेळ येऊ नये अशीच आमची इच्छा आहे. पण पायरी आहे, एवढे संबंधितांनी ध्यानात ठेवावे.

शिवाय पैशाचा हा बाऊ बराचसा अज्ञानातून उत्पन्न झाला आहे. पावसाचे पाणी म्हणजे मोठमोठे भूमिगत नळ, असे चित्र आपल्या मनात असते. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे २ जुलै २०११ रोजी दोन-तीन तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळून अब्जावधींची हानी झाली. त्या श्रीमंत शहराने हिशेब केला, तेव्हा केवळ नळ मोठे करीत बसण्यापेक्षा काही रस्ते व बागा मुद्दाम सखल ठेवून त्यांतून पाणी वाहू द्यावे व घटकाभर साठू द्यावे, हे स्वस्त पडते असे आढळले. आणि दुसऱ्या वर्षी त्यांनी तशी योजना मंजूर केली. आपल्याकडे शाळेचे पटांगण, आठवडी बाजाराची जागा, ले-आऊटमधील मोकळी जागा ही सर्व आहेतच. ती रस्त्यापेक्षा हातभर सखल राहू दिली, तर मोठ्या पावसात दोन तास पाणी तेथे थांबेल आणि मग हळूहळू जाईल. आज आपण उलट करतो: मोकळी जागा प्रथम मुरूम टाकून उंच करतो आणि पाणी लोकांच्या घरात साठवितो.

तेव्हा भोकर नगरपरिषदेने काय करावे? आमच्या मते पहिली गोष्ट नकाशा. जुन्या महसुली नकाशातील प्रत्येक ओढा, नाला व चर आजच्या वस्तीच्या नकाशावर उतरवावा; जमिनीच्या उंचसखलपणाच्या रेषा काढाव्या; आणि प्रत्यक्ष जागेवर दोन्ही काठांस दगड रोवून त्यांस क्रमांक द्यावे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० सालीच सांगितले आहे की, पर्जन्यजलाची आखणी वॉर्डाच्या नव्हे तर पाणलोटाच्या हद्दीवरून करावी. वॉर्डाची हद्द निवडणुकीस उपयोगी. पाणी ती मानीत नाही.

दुसरी गोष्ट परवानगीची. कोणत्याही ले-आऊटच्या मंजुरीस, त्यातील पावसाचे पाणी कोणत्या नाल्यात, कोणत्या पातळीवर, किती प्रमाणात जाणार हे दाखविणारा नकाशा जोडलेला असावा. तो नसेल तर अर्ज दाखलच करून घेऊ नये. ५०० चौरस मीटर व त्यावरील प्लॉटांवर पाऊससंकलन राज्याच्या एकत्रित नियमावलीने सक्तीचे केलेलेच आहे. ते कागदी शोषखड्ड्यावर न भागविता, वापराचा दाखला देण्यापूर्वी खड्डा प्रत्यक्ष पाहावा. तिसरी गोष्ट पातळीची. कोणताही रस्ता नवा करताना जुना थर काढून तो त्याच पातळीवर करावा, ही अट प्रत्येक निविदेत घालावी, आणि रस्त्याचे बिल पातळी मोजल्याशिवाय देऊ नये. चौथी गोष्ट मोऱ्यांची. महामार्ग व रेल्वे यांच्या अधिकाऱ्यांस बरोबर घेऊन भरावांखालील प्रत्येक मोरी वर्षातून एकदा, वैशाखात, तपासावी. आणि अपुरी असेल तर नगरपरिषदेने ठराव करून लेखी मागणी करावी. तोंडी तक्रारीस दप्तरात जागा नसते.

पाचवी गोष्ट माणसांची, आणि आमच्या मते ती सर्वांत महत्त्वाची. काम खालच्या वस्तीपासून सुरू व्हावे. चौकातील दर्शनी गटार प्रथम व ओढ्याकाठचे शेवटी, हा क्रम आजवर चालला. तो उलटा करावा. पाणी खालून मोकळे झाल्याशिवाय वर केलेले काम व्यर्थ जाते, म्हणून अभियंत्यांचे शास्त्रही हेच सांगते. येथे न्याय व शास्त्र एकाच बाजूस उभे आहेत. ज्यांची घरे प्रवाहाच्या मध्यावरच आहेत, त्यांस पावसाच्या तोंडावर नोटीस देऊन हुसकावून लावणे, हा सुधारणेचा मार्ग नव्हे. त्यांस गावातच, कामधंद्याच्या जवळ, कोरडी जागा आधी द्यावी. मग पात्र मोकळे करावे. मोठ्या इमारतीच्या संरक्षक भिंतीने पात्र अडले असेल, तर ती भिंत झोपडीच्या आधी पडली पाहिजे. कायदा वरून लागू झाला तरच खालचे लोक त्यास कायदा म्हणतात.

व्यापारी बंधूंनीही हे केवळ नगरपरिषदेचे काम समजू नये. मोंढ्यात भिजलेल्या सोयाबीनचा व कापसाचा भाव काय मिळतो, हे त्यांस आम्ही सांगावयास नको. एका रात्रीत गुदामात शिरलेले गुडघाभर पाणी कित्येक वर्षांच्या घरपट्टीहून अधिक नुकसान करून जाते. आपल्या दुकानापुढील ढापा उचलता येईल असा करणे, गटारात प्लॅस्टिक न जाऊ देणे, आणि आपले जोते उंच करण्यापूर्वी पाणी कोणाच्या दारी जाईल हे पाहणे, एवढे तरी प्रत्येकाने आपल्या खर्चाने करावे. आणि जे प्लॉटांच्या धंद्यात आहेत त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, पाण्यात बुडणाऱ्या वसाहतीचे नाव एकदा खराब झाले म्हणजे कोणत्याही जाहिरातीने ते सुधारत नाही.

विकास योजना वीस वर्षांतून एकदा तरी नव्याने तपासावी असे कायदा सांगतो. म्हणजे एखादी चूक तीत एकदा शिरली की एक पिढीभर घट्ट बसते. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात. त्या वेळी आपल्या लोकांची सारी शक्ती आपल्या प्लॉटवरील आरक्षण उठविण्यात खर्च होते. ओढ्याच्या वतीने हरकत घेणारा कोणी नसतो. पाऊस मात्र आपली हरकत मुदतीत नोंदवीत नाही. तो प्रत्यक्ष जागेवर येऊन ती चालवितो, आणि त्याच्या निकालावर अपील नाही. म्हणून त्याच्या वतीने आजच कोणी तरी अर्ज केला पाहिजे. नगरपरिषदेच्या पुढील सर्वसाधारण सभेत पाण्याच्या नकाशाचा ठराव यावा, त्यास मुदत व जबाबदार अधिकाऱ्याचे नाव जोडलेले असावे, आणि तो नकाशा कचेरीच्या कपाटात न ठेवता दारावर लावावा, एवढी मागणी आम्ही भोकरच्या नागरिकांच्या वतीने करीत आहो. या मागणीस पैसा थोडा लागतो. हिंमत मात्र थोडी अधिक लागते, आणि ती नगरसेवक दाखवितील असा आम्हांस भरवसा आहे.